बदलीवर आलेली कासवं

बसा रे दोघं इथं. मॉरिशसला चाललात ना दिवाळीच्या सुट्टीत? तुमच्या बाबानं काल मला हॉटेलचे फोटो दाखवले. पांढरी वाळू, निळं पाणी, पाण्याच्या कडेला आरामखुर्च्या. छान आहे. पण वाळू आणि पाणी दिवेआगरलाही आहे, त्याला विमान लागत नाही. तिथं बघायचं ते वेगळंच आहे, आणि त्यासाठी आधी गोष्ट ठाऊक पाहिजे. नाहीतर माणूस समोर बघतो आणि म्हणतो, झाड आहे, पाल आहे, चला पुढं.

विमानतळाबाहेर पडलात की पहिला पक्षी कुठला दिसेल, सांगा बघू. डोडो? अगं, डोडो मेला, साडेतीनशे वर्षं होऊन गेली. पहिली दिसेल साळुंकी. आपल्या गॅलरीत पोळीच्या तुकड्यावरून भांडते ना, तीच. दुसरा बहुधा शिपाई बुलबुल, डोक्यावर टोकदार तुरा आणि गालावर लाल ठिपका असलेला. झुडपातून मुंगूस पळालं तरी दचकू नका. हे सगळे आपल्याकडून गेलेले. साळुंकी तर मुद्दाम नेली, १७६२ साली. तेव्हा बेट फ्रेंचांकडे होतं, पिकांवर टोळधाड पडायची, आणि साळुंकी टोळ खाते हे कुणाला तरी ठाऊक होतं. कीड मारायला परदेशातून पक्षी आणायचा, असा जगातला हा अगदी सुरुवातीचा प्रयोग. मुंगूस १९०० च्या सुमारास आणलं उंदरांसाठी. त्यानं उंदरांबरोबर तिथले पक्षीही खाल्ले, पण तोवर परत पाठवायची सोय राहिली नव्हती.

आणि माणसंही गेली आपली. १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर राबायला हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले, जवळजवळ पाच लाख. त्यांत मुंबई बंदरातून चढलेले आपले कोकणातले लोकही होते. त्यांची नातवंडं-पणतवंडं आजही तिथं स्वतःला मराठी म्हणवतात, आणि गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते. पोर्ट लुईला अप्रवासी घाट आहे, जिथं हे सगळे जहाजातून उतरले. तिथं जाच, पण आज मी तुम्हाला जनावरांची गोष्ट सांगणार आहे.

आता मागं जाऊ, खूप मागं. सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी हिंदी महासागराच्या तळातून आलेला लाव्हा साचत साचत पाण्याबाहेर आला. तो निवला आणि काळ्या दगडाचं एक बेट झालं. आपल्या सह्याद्रीचा जो दगड, तोच तिथला, बेसाल्ट. पण आसपास काही नाही. आठशे-नऊशे किलोमीटर पश्चिमेला मादागास्कर, आणि आफ्रिका त्याच्याही पलीकडे. एवढ्या लांब कोण पोचणार? उडत येईल तो, नाहीतर तरंगत येईल तो. पक्षी आले, वटवाघळं आली. कासवं लाटांवर आली, पाली आणि साप वाहत्या ओंडक्यांवरून आले, बिया कुणाच्या पोटातून, कुणाच्या पायाच्या चिखलातून आल्या. वाघ, कोल्हा, हरीण, माकड, साधा उंदीर, यांतला एकही आला नाही. माणूस येईपर्यंत त्या बेटाच्या जमिनीवर सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं.

मग कामं कुणी करायची? गवत चरायला हरणं नाहीत. झाडाखाली पडलेलं फळ उचलून बी लांब नेऊन टाकायला माकडं नाहीत, अस्वलं नाहीत.

आमच्या गिरणीत एक पद्धत होती. कायम कामगार आला नाही की त्याच्या साच्यावर बदलीवाला उभा करायचे. तो बिचारा भोंग्याआधीच गेटवर येऊन थांबायचा, जॉबर नाव पुकारतो का याची वाट बघत. हातानं सावकाश असेल, शिकाऊ असेल, पण साचा बंद राहता कामा नये. मॉरिशसमध्ये सगळं जंगलच बदलीवाल्यांनी चालवलं. चरायचं काम कासवांनी घेतलं. फुलांवरचं काम पालींनी घेतलं. खाली पडलेली फळं उचलायला एक कबूतर लागलं, आणि जमिनीवर फिरता फिरता ते इतकं वाढलं की त्याला कबूतर म्हणायला कुणी तयार होईना.

हो, तोच डोडो. डोडो हे कबूतर होतं. खायला खाली मुबलक, मारायला कुणी नाही, मग उडायचं कशाला? उडायला छातीचे मोठे स्नायू पोसावे लागतात, त्यांना अन्न लागतं. पिढ्यान्‌पिढ्या पंख आखूड होत गेले, अंग वाढत गेलं, ते दहा ते अठरा किलोपर्यंत गेलं असावं असा अंदाज आहे. २००२ साली शास्त्रज्ञांनी संग्रहालयात जपलेल्या डोडोच्या अवशेषातून डीएनए काढला आणि इतर कबुतरांशी ताडून पाहिला. सगळ्यांत जवळचा जिवंत नातेवाईक कोण निघाला? निकोबारी कबूतर. म्हणजे आपल्या अंदमान-निकोबारचं, मानेवर लांब पिसं असलेलं, हिरवं-तांबूस चमकणारं. ते अजून बेटाबेटांवर उडत फिरतं.

आणखी एक सांगतो, हे शाळेत सांगत नाहीत. जिवंत डोडो हिंदुस्थानात आला होता. जहांगीर बादशहाला दूरदूरचे प्राणी जमवायचा नाद. त्याच्या पदरी उस्ताद मन्सूर नावाचा चित्रकार होता. १६२५ च्या सुमाराचं डोडोचं एक चित्र त्याच्या हातचं मानतात, ते आज रशियात सेंट पीटर्सबर्गला आहे. रंगीत आहे, नीट पाहून काढलेलं आहे, आणि डोडो खरा कसा दिसायचा हे ठरवताना अभ्यासक त्याला फार मानतात. पीटर मंडी नावाच्या इंग्रज व्यापाऱ्यानंही त्याच सुमारास सुरतेत दोन डोडो पाहिल्याचं लिहून ठेवलंय. सुरतेत! मसाल्याच्या, कापडाच्या गाठोड्यांशेजारी पिंजऱ्यात डोडो.

मग तो गेला कसा? डच लोक १५९८ साली बेटावर उतरले. सगळे सांगतात, खलाशांनी खाऊन संपवला. खाल्ला, नाही असं नाही, पण मांस चिवट आहे म्हणून तेच लोक तक्रारही करतात. खरा घात केला तो जहाजांतून उतरलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी. डोडोचं घरटं जमिनीवर, त्यात एका वेळी एकच अंडं. डुकराला अजून काय पाहिजे? डोडो पाहिल्याची जी शेवटची नोंद बहुतेक अभ्यासक मानतात ती १६६२ ची. पुढच्याच वर्षी महाराजांनी लाल महालात शिरून शाहिस्तेखानाची बोटं छाटली. इतकी अलीकडची गोष्ट आहे ही.

त्यानंतर दोनशे वर्षांत लोकांना वाटायला लागलं, असा पक्षी नव्हताच, खलाशांच्या थापा. १८६५ साली माहेबूर गावच्या जॉर्ज क्लार्क नावाच्या शाळामास्तरानं एका दलदलीत मजूर उतरवले. पाणी काळं, तळ दिसत नाही. मजुरांनी अनवाणी पायांनी चिखल चाचपला आणि पायाला लागलं ते वर काढलं. डोडोची हाडं निघाली, ढीगभर. त्या काळी तिथले बहुतेक मजूर हिंदुस्थानातले, तेव्हा डोडो पुन्हा सापडला तो कुणाच्या पायांना, हे तुम्हीच ठरवा. ती दलदल, मार ओ सोंज, आजच्या विमानतळापासून जवळच आहे.

आता थोरल्या, तू नीट ऐक, तुला विज्ञानात जायचंय ना? डोडो गेला, तर त्याचं काम कोण करणार, हा प्रश्न एका अमेरिकन शास्त्रज्ञालाही पडला. स्टॅन्ली टेंपल. मॉरिशसच्या जंगलात तांबालाकोक नावाचं मोठं झाड आहे, त्याच्या फळात ही एवढी जाड कवचाची बी. टेंपलनं १९७७ साली लिहिलं, या जातीची तेराच झाडं उरली आहेत, सगळी तीनशे वर्षांपलीकडची. डोडो मेल्यापासून एकही नवं झाड नाही, कारण बी डोडोच्या पोटातल्या दगडांत घासून निघाल्याशिवाय रुजतच नाही. पुरावा म्हणून त्यानं टर्की कोंबड्यांना जबरदस्तीनं सतरा बिया खाऊ घातल्या. सात फुटल्या, दहा बाहेर आल्या, त्यांतल्या तीन रुजल्या. जगभर गाजली ती गोष्ट. पक्षी गेला, म्हणून झाड मरतंय! पर्यावरणावरच्या भाषणांत ती अजून सांगतात, टाळ्या घेतात.

आणि ती खरी नाही.

का नाही? तूच शोध चूक कुठं आहे. टर्कीच्या पोटातून आलेल्या तीन रुजल्या, बरोबर? मग पोटातून न गेलेल्या किती रुजल्या? त्या लावून पाहिल्याच नव्हत्या! तुलना करायला दुसरी बाजूच नाही. पुढं वनस्पतीवाल्यांनी पाहिलं, तर न घासलेल्या बियाही रुजतात, कवचाला मुळातच एक फट असते, ती आपण होऊन उकलते. आणि झाडंही तेरा नाहीत, जास्त निघाली, तीनशे वर्षांहून लहानही निघाली. झाड संकटात आहे हे खरं, पण त्याला डोडोचं जाणं हे एकटं कारण नाही. माकडं कच्ची फळं तोडून टाकतात, डुकरं आणि हरणं रोपं खातात, बाहेरून आणलेल्या पेरूच्या जातीची झुडपं उजेड अडवतात. त्या झुडपी पेरूची लाल फळं तोडायला लोक हौसेनं जंगलात जातात. चव चांगली आहे म्हणतात. पण त्या बेटावर मूळचं जंगल दोन टक्केसुद्धा धड उरलेलं नाही, आणि त्याचा गळा आवळणाऱ्यांत हा पेरू पहिल्या रांगेत आहे.

काय म्हणालीस? मग डोडोचं काम कुणीच केलं नाही तरी चालतं का? नाही ना! तेच दाखवायला तुम्हाला मी इल ओ एग्रेतला पाठवतोय. माहेबूरजवळ किनाऱ्यापासून एक किलोमीटरच्याही आत, जेमतेम २६ हेक्टरचं बेट. मुख्य बेट काळ्या दगडाचं, हे मात्र प्रवाळाच्या चुनखडीचं. होडीनं जायचं, बरोबर तिथला वाटाड्या असतो, त्याच्याशिवाय सोडत नाहीत. जाण्याआधी बुटांचे तळवे घासून घ्या, बियाबिया अडकलेल्या असतात.

तिथं आबनुसाची झाडं आहेत. आपल्याकडे विडीच्या पानांची टेंभुर्णी असते ना, त्याच कुळातलं झाड. डचांनी मॉरिशसचं आबनूस कापून कापून युरोपात नेलं, या छोट्या बेटावरचंही तोडलं गेलं. तोड थांबली, झाडं पुन्हा फळायला लागली, पण एक विचित्र गोष्ट झाली. रोपं फक्त जुन्या झाडांच्या पायाशी. जिथून झाडं तोडून नेली होती तिथं काही केल्या आबनूस परत येईना. फळ जड, ते खाली पडतं आणि तिथंच राहतं. ते खाऊन बी लांब टाकणारी मॉरिशसची मोठी कासवं कधीच संपली होती. दोन जाती होत्या, खलाशांनी जहाजात भरभरून नेल्या. कासव महिनोन्‌महिने खाण्यापिण्यावाचून जगतं, म्हणजे जहाजावर ताजं मांस. त्यांच्याही अंड्यांवर पुन्हा उंदीर आणि डुकरं.

मग २००० साली शास्त्रज्ञांनी ठरवलं, बदली आणायची. आल्डाब्रा नावाच्या दूरच्या प्रवाळबेटावरची महाकाय कासवं आहेत, जात वेगळी, पण काम तेच. ती इथं सोडली. तुमच्या जेवणाच्या टेबलाएवढी कासवं. त्यांनी काय केलं? खाल्लं, चाललं, शेण टाकलं. झाडांपासून दूर, तोडलेल्या भागात, आबनुसाची रोपं यायला लागली. आणि २०११ साली जे संशोधन छापलं गेलं त्यात कासवाच्या पोटातून गेलेल्या बिया न गेलेल्यांपेक्षा चांगल्या रुजतात हेही दिसलं. या वेळी दोन्ही प्रकारच्या बिया लावून पाहिल्या होत्या बरं का, थोरल्या. टेंपलची गोष्ट डोडोबाबत चुकली, पण तिच्यात जो विचार होता तो कासवांनी खरा करून दाखवला.

तिथं कासवांच्या मानेखाली खाजवता येतं म्हणे, मान लांब करून उभी राहतात. वाटाड्याला विचारून मगच. आणि त्याला २०२० चीही गोष्ट विचारा. जुलैमध्ये वाकाशिओ नावाचं जहाज जवळच्या प्रवाळकड्यावर चढलं, ऑगस्टमध्ये फुटलं, सुमारे हजार टन तेल समुद्रात गेलं. सरकारची यंत्रणा हलेपर्यंत लोकांनी उसाची पाचट कापडात भरून लांबलचक गाद्या शिवल्या आणि तेल अडवायला पाण्यावर टाकल्या. शाळकरी मुलं शिवत होती, म्हातारी माणसं शिवत होती. इल ओ एग्रेतवरची दुर्मीळ रोपं आणि काही पक्षी, सरडे घाईघाईनं हलवले.

आता पाल. नाक मुरडू नकोस. तिथल्या पाली दिवसा फिरतात, हिरव्यागार, पाठीवर लाल ठिपके, काहींची शेपटी निळी. आणि त्या फुलांतला मकरंद पितात. मॉरिशसमध्ये अशी काही फुलं आहेत ज्यांचा मकरंद पाण्यासारखा नसतो, पिवळा किंवा चक्क लाल असतो. जगात अशी फुलं फार थोडी. मकरंद रंगीत कशाला, हे कोडं बरेच दिवस कुणाला सुटेना. मग काही संशोधकांनी इल ओ एग्रेतवर खोटी फुलं ठेवली, काहींत रंगीत गोड पाणी, काहींत साधं. पाली रंगीतकडे वळल्या. त्यांना तो रंग लांबून दिसतो. पाल तोंड घालते, नाकाला पराग चिकटतात, पुढच्या फुलाला लागतात.

यात आणखी एक गंमत आहे. पाल उघड्यावर बसायला घाबरते, कारण वरून ससाणा टपलेला. म्हणून ती केवड्याच्या कुळातल्या झाडांत राहते. पानांना काटे, आत शिरलं की कुणी हात घालत नाही. २००७ साली दाखवून दिलं गेलं, की ट्रोकेशिया नावाच्या लाल फुलांच्या झाडाला फळं धरायची तर शेजारी केवडा हवा. केवडा नाही तर पाल नाही, पाल नाही तर फळ नाही. त्याच ट्रोकेशियाची एक बहीण मॉरिशसचं राष्ट्रीय फूल आहे, कानातल्या डुलासारखं लोंबतं. जंगलखात्यानं नुसती ट्रोकेशियाची रोपं लावली असती तर पैसे पाण्यात गेले असते. एका झाडाला वाचवायला शेजारचं काटेरी झुडूप राखावं लागतं, हे कुठल्या निविदेत लिहिणार?

हां, ससाणा राहिला. त्याच्यासाठी ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात जायचं. १९९४ साली राखलेलं, ६,५७४ हेक्टरचं, दऱ्याखोऱ्यांचं. तिथल्या कड्यावर उभे राहा, आपल्या माथेरानच्या पॉइंटवर उभं राहतो तसं, आणि खाली बघत बसा. तांबूस पाठीचा, छातीवर काळे ठिपके असलेला छोटा ससाणा झाडांतून सुसाट निघेल. मॉरिशस केस्ट्रेल. हे फार मोठं भाग्य आहे, कारण १९७४ साली जगात असे चार ससाणे माहीत होते. चार. त्यांत अंडी घालणारी मादी एक.

मलेरियासाठी आणि शेतात डीडीटी फवारलं, ते किड्यांतून पालींत, पालींतून ससाण्यांत गेलं. अंड्यांची कवचं पातळ झाली. उरलेली अंडी माकडांनी खाल्ली. त्या वेळी तिथं काम कोण करत होतं ठाऊक आहे? हाच टेंपल. त्यानं असं मांडलं, की हे ससाणे पूर्वी झाडाच्या ढोलीत घरटी करायचे, माकडांना सहज हात घालता यायचा. एका जोडीनं घरटं उभ्या कड्याच्या कपारीत केलं, पिल्लं वाचली, आणि ती मोठी झाल्यावर कपारीच शोधायला लागली. म्हणून तो माणूस वाईट शास्त्रज्ञ होता असं समजू नका. एक गोष्ट चुकली, बाकी काम मोलाचं आहे.

१९७९ साली तिथं कार्ल जोन्स नावाचा वेल्सचा तरुण आला, पंचविशीतला. त्याला खरं तर पाठवलं होतं प्रकल्प गुंडाळायला. चार-सहा पक्ष्यांवर किती पैसे घालायचे, असा हिशेब होता वरच्यांचा. त्यानं गुंडाळला नाही. दोरानं कड्यावर चढायचा, घरट्यातली पहिली अंडी उचलायचा. अंडी गेली की मादी पुन्हा घालते! उचललेली तो यंत्रात उबवायचा, पिल्लांना हातानं भरवायचा, जंगलातल्या जोड्यांना पांढरे उंदीर खायला न्यायचा. एकीच्या जागी दोन विणी. वीस वर्षांत संख्या शेकड्यांत गेली. पुढं थोडी घसरलीही, २०१४ पासून हा ससाणा पुन्हा धोक्याच्या यादीत आहे, म्हणजे काम संपलेलं नाही. २०२२ साली मॉरिशसनं त्याला राष्ट्रीय पक्षी केलं. डोडो मात्र राजचिन्हावर अजून आहेच, मेलेल्याला मान जास्त.

गुलाबी कबुतराचीही तीच कथा. १९९० च्या आसपास जंगलात दहा-एक उरली होती, आज काहीशे आहेत. तिथला हिरवा एको पोपटही ऐंशीच्या दशकात बोटांवर मोजण्याइतका होता, तोही वाचला. त्याच्याशी झाडांच्या ढोलीवरून भांडतो कोण? आपला गळ्यात कंठी असलेला पोपट. कुणीतरी पाळायला नेला, सुटला, तिथं रमला. तेव्हा तिथं पोपट दिसला म्हणून लगेच उड्या मारू नका. शेपूट आखूड आणि अंगानं जाडसर असेल तर एको, लांब शेपटीचा असेल तर आपलाच.

राउंड आयलंडला मात्र तुम्हाला जाता येणार नाही, तिथं पर्यटकांना सोडत नाहीत आणि ते बरोबर आहे. तिथं एक अजगराच्या दूरच्या नात्यातला साप आहे, त्याच्या वरच्या जबड्याचं हाड मधोमध दुभंगून हलतं, असा जबडा आज जिवंत असलेल्या दुसऱ्या कुठल्याही साप-सरड्याला नाही. बकऱ्या आणि सशांनी ते बेट खाऊन उजाड केलं होतं. बकऱ्या आणि ससे हटवल्यावर बेट हिरवं व्हायला लागलं. बागांमध्ये बुडाशी फुगलेला बाटलीसारखा पाम लावतात ना, त्याचं मूळ घर ते. तिथं त्याची दहाही झाडं उरली नव्हती, आणि इकडे नर्सऱ्यांत रांगा लागल्यात!

क्युरपीपच्या बागेत मात्र जरूर जा. तिथं कुंपणात एक पाम उभा आहे. त्याच्या जातीचं दुसरं झाड जगात कुठंही माहीत नाही. नर फुलं आधी येतात आणि गळून जातात, मग मादी फुलं येतात, त्यामुळे स्वतःशीही फळ धरायची पंचाईत. प्रयोगशाळेत रोपं करून पाहिली, बाहेर आणल्यावर जगली नाहीत. याला बदलीवाला कुठून आणणार? दिसायला अगदी सामान्य आहे. लोक समोरून चालत जातात.

शामारेलची सात रंगांची माती बघा, बेसाल्ट कुजून लोह आणि ॲल्युमिनियम उरल्यामुळे झालेली, पाऊण तास पुरतो. डॉल्फिन बघायला पहाटे बोटी निघतात, त्या मला पसंत नाहीत. रात्रभर खोल पाण्यात शिकार करून ते बिचारे किनाऱ्याला झोपायला येतात आणि वीस बोटी त्यांच्यामागं लागतात. बाबाला सांगा, ते पैसे इल ओ एग्रेतच्या तिकिटाला घाला.

शेवटचं एक, आणि मग जेवायला चला. संध्याकाळी आकाशात मोठाली वटवाघळं दिसतील. सोनेरी मानेची. मघाशी म्हटलं ना, माणसाआधी बेटावर पोचलेले सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं. डोडो गेला, कासवं गेली, मोठे पोपट गेले. मूळच्या कितीतरी झाडांच्या बिया लांब नेणारं आता मुख्यतः हेच उरलंय. आणि त्याला लिची आवडते. शेतकरी ओरडले, सरकारनं २०१५ मध्ये कायदाच बदलला आणि गोळ्या घालून त्या एका वर्षात तीस हजारांवर वटवाघळं मारली. पुढंही मारली. २०१८ साली ही जात धोक्याच्या यादीत आणखी वरच्या पायरीवर गेली. शेतकऱ्याचं नुकसान होतं, ते मी नाकारत नाही, त्याच्या लेकरांचं पोट त्या झाडावर आहे. पण पोपट, साळुंक्या आणि उंदीरही तीच लिची खातात, आणि वटवाघूळ मारून त्यांचं पोट भरायचं थांबत नाही. झाडावर जाळी टाकली की सगळेच अडतात. जाळीला सरकारी अनुदानही मिळतं.

तुम्ही जाल तेव्हा लिचीचा हंगाम नुकता सुरू झालेला असेल. रस्त्याकडेला घडांच्या जुड्या बांधून विकतात. घेताना विचारा, जाळीतली आहे का? असेल तर तीच घ्या, थोडी महाग पडली तरी. तिथलंही चलन रुपयाच आहे, फक्त तो आपल्या रुपयापेक्षा महाग आहे, एवढं बाबाला आधी सांगून ठेवा.